ट्रिगर, पंजाब का बेटा आणि धनगराची घोडी

१९३५ साली मुंबईत ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात 'हंटरवाली' लागला आणि रौप्यमहोत्सव करूनच उतरला. नायिका होती नादिया. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, बालपण पेशावरच्या बाजूला गेलेलं, घोड्यावर बसायला तिथंच शिकलेली. डोळ्यांवर मुखवटा, हातात चाबूक आणि गरिबांवर अन्याय करणाऱ्याची धुलाई. होमी वाडियांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटानं असं वेड लावलं की बाजारात हंटरवालीच्या नावाचे चाबूक आणि पट्टे विकायला आले. पुढं वाडिया मूव्हीटोनच्या स्टंटपटांत नादियाच्या जोडीला आणखी एक नाव झळकू लागलं, 'पंजाब का बेटा'. हा कुणी पैलवान नव्हता, तो नादियाचा घोडा होता. जाहिरातीत त्याचं नाव नटासारखं यायचं, आणि तो पडद्यावर आला की पिटातलं पब्लिक शिट्ट्या मारायचं.

तिकडं अमेरिकेत तेच चाललं होतं, फक्त जास्त मोठ्या प्रमाणावर. मूकपटांच्या काळात विल्यम हार्ट या नटाचा 'फ्रिट्झ' नावाचा अबलख घोडा प्रसिद्ध झाला, मग टॉम मिक्सचा 'टोनी'. आणि १९३८ मध्ये रॉय रॉजर्स नावाच्या तरुण गायक-नटाला त्याच्या पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी घोडा निवडायचा होता, तेव्हा त्याच्यासमोर सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा 'गोल्डन क्लाउड' आणून उभा केला गेला. हा घोडा त्याच वर्षीच्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मध्ये नायिकेला पाठीवर घेऊन आधीच पडद्यावर झळकला होता. रॉजर्सनं त्याचं नाव 'ट्रिगर' ठेवलं, पुढं तो विकत घेतला आणि आयुष्यभर सांभाळला. १९४६ च्या 'माय पाल ट्रिगर'मध्ये तर सगळी कथाच घोड्याभोवती फिरते. रॉयला आपल्या घोडीसाठी 'गोल्डन सॉव्हरिन' या नामांकित वळूघोड्याचा वंश हवा असतो, त्याचा मालक नकार देतो, खलनायकाच्या गोळीनं तो घोडा मरतो आणि आळ येतो रॉयवर. त्याच घोड्यापासून रॉयच्या घोडीला झालेलं शिंगरू म्हणजे ट्रिगर. रॉय बदनामी सोसतो, पण ते शिंगरू वाढवतो. पडद्यावर बाप आणि मुलगा या दोन्ही घोड्यांचं काम ट्रिगरनंच केलं आहे, म्हणजे चक्क डबल रोल! १९४९ मध्ये हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरच्या अंगणात, जिथं नटनट्यांच्या हातापायांचे ठसे सिमेंटमध्ये उमटवतात, तिथं रॉयच्या बरोबरीनं ट्रिगरच्या टापांचे ठसे घेतले गेले.

निफाडला बसून हे जुने चित्रपट पाहताना मला कथेपेक्षा घोडा जास्त ओढून घेतो. नायक संकटात सापडला की घोडा धावत येतो, गाठ सोडतो, खलनायकाला ढुशी मारतो, मालक गेला असं वाटलं की मान खाली घालतो. हे त्याला कळतं कसं? कोण सांगतं त्याला?

आधी एक गोष्ट सांगायला हवी. घोडा सिनेमात आला असं आपण म्हणतो, पण खरं तर सिनेमाच घोड्यामुळं आला. भरधाव धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीपासून सुटतात का, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद होता. माणसाचा डोळा तेवढा चपळ नाही, त्यामुळं कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. कॅलिफोर्नियातला धनाढ्य लेलँड स्टॅनफर्ड यानं एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला कामाला लावलं. १८७८ ची गोष्ट! पालो आल्टोच्या धावपट्टीच्या कडेला मायब्रिजनं ओळीनं बारा कॅमेरे मांडले, प्रत्येकाचा दोरा पट्टीवर आडवा ताणला आणि सॅली गार्डनर नावाच्या घोडीला पळवलं. ती जसजशी दोरे तोडत गेली तसतसा एकेक कॅमेरा उघडत गेला. निकाल असा लागला की चारही पाय सुटतात खरे, पण जगभरचे चित्रकार दाखवत आले तसे पुढं-मागं ताणलेले असताना नाही. ते सुटतात पोटाखाली गोळा झालेले असताना. शेकडो वर्षांची चित्रं एका घोडीनं चुकीची ठरवली. मग ती छायाचित्रं एकामागून एक भराभर दाखवली की घोडी पुन्हा पळताना दिसते, हेही लक्षात आलं. मायब्रिजनं त्यासाठी यंत्र बनवलं. हलत्या चित्रांच्या जन्माचा हा एक मोठा टप्पा. लुमिएर बंधूंचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला १८९६ मध्ये आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ मध्ये. त्या सगळ्यांच्या आधी टापा वाजल्या होत्या.

आता घोड्याला कळतं कसं, याकडं येऊ. याचं सर्वांत चकित करणारं उत्तर बर्लिनमध्ये मिळालं, तेही एका 'हुशार' घोड्याच्या निमित्तानं. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक. त्यांचा घोडा हान्स बेरजा-वजाबाक्या करायचा आणि उत्तर टापेनं ठोकून सांगायचा. पाच अधिक तीन किती, म्हटलं की आठ ठोके. लोकांची रीघ लागली. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समितीसुद्धा येऊन गेली आणि यात लबाडी काही नाही, असं म्हणाली. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानं चिकाटीनं प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं तर हान्सही चुकायचा. डोळ्यांना झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला, तरी चुकायचा. फुंग्स्टनं पाहिलं की विचारणारा माणूस घोड्याच्या खुराकडं बघायला नकळत किंचित पुढं झुकतो, आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं नकळत थोडंसं वर उचललं जातं. हान्सला गणित येत नव्हतं, त्याला माणूस वाचता येत होता. जी हालचाल करणाऱ्यालाही ठाऊक नव्हती, ती घोड्यानं टिपली होती.

लोक या गोष्टीला फजिती समजून विसरले. मला मात्र वाटतं, हान्सनं गणित केलं असतं तर ते जेवढं अद्भुत ठरलं असतं त्यापेक्षा हे जास्त अद्भुत आहे.

घोडा हा मुळात भक्ष्य होणारा प्राणी. कळपात राहणारा, पळून जीव वाचवणारा. त्याचं सगळं शरीर दुसऱ्याच्या बारीकशा हालचालीची दखल घेण्यासाठी घडलेलं आहे. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत त्याचे डोळे सर्वांत मोठ्या डोळ्यांत मोडतात आणि ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळं त्याला जवळजवळ सगळीकडचं एकाच वेळी दिसतं. दिसत नाही ती थेट शेपटीमागची पट्टी आणि अगदी नाकासमोरचा थोडा भाग. म्हणूनच जाणती माणसं घोड्याकडं समोरून किंवा मागून जात नाहीत. खांद्याच्या बाजूनं जातात, तोंडानं आवाज देत. त्याचे कान एकेकटे फिरतात, एक पुढं आणि एक मागं असेही. कातडी इतकी संवेदनशील की पाठीवर माशी बसली तर तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवतो. ज्याला माशीचं वजन कळतं, त्याला स्वाराच्या मांडीचा दाब, लगामातली किंचित ढिलाई, खोगिरावर सरकलेलं अंग कळणार नाही असं कसं होईल? इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की माणसाच्या रागावलेल्या चेहऱ्याचा नुसता फोटो पाहिला तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके झटकन वाढतात, आणि असा चेहरा तो डाव्या डोळ्यानं पाहणं पसंत करतो.

पडद्यावरच्या घोड्याचा अभिनय यावरच उभा आहे. ट्रिगरचा शिक्षक होता ग्लेन रँडल. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभं राहून तो हातानं, चाबकाच्या टोकानं, शरीराच्या वळण्यानं इशारे द्यायचा. मान हलवायची, पाय दुमडायचा, मागच्या दोन पायांवर उभं राहायचं, रॉयच्या पाठीला ढुशी मारून त्याला नायिकेकडं ढकलायचं, या प्रत्येकाला वेगळा इशारा. आपल्याला वाटतं घोडा रॉयकडं बघतो आहे, प्रत्यक्षात त्याचं लक्ष रँडलकडं असतं. काही प्रसंगांना 'लिटल ट्रिगर'सारखे दुसरे घोडे उभे राहायचे, जवळून घ्यायच्या दृश्यांत मात्र मूळ ट्रिगर. हे कळलं म्हणून जादू ओसरत नाही, ती आणखी खोल जाते. दहा-पंधरा हातांवरून, दिव्यांच्या झोतात, माणसांच्या गर्दीत घोडा एका माणसाचा हात वाचतो आहे!

हेच तुम्हाला निफाडच्या लग्नसराईत कुठल्याही वरातीत दिसेल. नवरदेवाचा घोडा हलगीवर नाचतो म्हणून आपण कौतुक करतो. त्याच्या पायांकडं न बघता एकदा मोतद्दाराच्या हाताकडं बघा. मोहरकी धरलेली मूठ ठोक्याच्या किंचित आधी वर जाते, मनगट वळतं, तोंडानं चुकचुक होते, आणि मग पाय उचलला जातो. घोडा ऐकतो हलगी, पण वाचतो मूठ. महिनोन् महिने चंदी-पाणी, खरारा करणाऱ्या माणसाचीच मूठ ती, परक्यानं धरली तर तोच घोडा कान मागं पाडून उभा राहतो.

घोडा पाहायचाच असेल तर आमच्याकडून येवला जवळ. रस्त्यात विंचूर लागतं. दर मंगळवारी येवल्यात घोडेबाजार भरतो, तिथली पारख करणारी माणसं बघत राहावीत अशी असतात. ओठ वर करून दात बघतात, कारण पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनं पडून कायमचे येतात, त्यावरून वय कळतं. कपाळावरचे, मानेवरचे भोवरे बघतात. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या पंचकल्याणीला मान. मग चाल बघायची, दुडकी कशी, रवाल कशी. भोवऱ्यांच्या शुभाशुभावर माझा विश्वास नाही, पण चाल बघताना त्या माणसांची नजर जे टिपते ते मोठमोठ्यांना जमायचं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते. अमेरिकेतला खरा काउबॉय म्हणजे गुराखी. १८६७ च्या सुमारास टेक्सासमधून कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वेस्थानकापर्यंत हजारो गुरं हाकत नेण्याचा धंदा जोरात सुरू झाला. महिनोन् महिने चालत राहायचं, नद्या ओलांडायच्या, रात्री पाळीनं राखण करायची. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं, मोकळी कुरणं कुंपणात गेली, रेल्वे दक्षिणेत पोचली, आणि वीसेक वर्षांत तो जमाना संपलाही. पण त्या खऱ्या गुराख्याचा एक लाडका घोडा बहुतेक वेळा नसायचाच. घोडे असायचे मालकाचे. एकेका गुराख्याच्या वाट्याला सात-आठ घोडे यायचे, एक दमला की दुसरा. मोहीम संपली की गुराखी पगार घेऊन मोकळा, घोडे विकले जायचे. एक माणूस, एक घोडा आणि जन्माची सोबत ही गोष्ट मोठ्या प्रमाणात पडद्यानं घडवली. प्रेक्षकाला ती हवीशी होती, म्हणून टिकली.

आणि तीच गोष्ट आमच्या बांधावरून दर वर्षी चालत जाते! पावसाळा सरला, खरिपाची पिकं निघाली की मेंढ्यांचे कळप घेऊन धनगरांचे वाडे आमच्या भागात उतरतात. गोदाकाठच्या, कादवेकाठच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. त्या वाड्याबरोबर घोडी असते. सकाळी बिऱ्हाड हलायच्या वेळी तिला बघावं. कारभारीण पाठीवर गोणपाट टाकते, त्यावर घोंगड्या, मग मेंढ्यांभोवती लावायची जाळी, भांडी, पिठाची पिशवी. एका बाजूला डालग्यात कोंबड्या. वर आदल्या रात्री जन्मलेली कोकरं, नुसती तोंडं बाहेर काढलेली, आणि बऱ्याचदा त्यांच्यामध्ये एखादं दोन-तीन वर्षांचं पोर. घोडी चारही पाय थोडे फाकवून उभी असते, वजन एका बाजूला जाऊ लागलं की स्वतःच अंग सावरते. बांधून ठेवलेली नसते. कारभारीण पुढं चालू लागली की तिच्यामागं चालू लागते, थांबली की थांबते. मागं शिंगरू. दोर हातात असतो तो बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांमुळं.

या घोडीला कुणी रँडल शिकवायला आलेला नाही. ती जन्मल्यापासून त्या कुटुंबाबरोबर चालते, त्या बाईची चाल, तिचा थकवा, तिचा हात तिला पाठ आहे. वर्षानुवर्षं एक घर आणि एक घोडी, पुढं तिच्याच पोटची घोडी. रॉय रॉजर्सनं पडद्यावर जे रंगवलं त्याचं खरं रूप पाहायला टेक्सास गाठायची गरज नाही.

ही घोडी उंचीनं बेताची, म्हणून लोक तिला तट्टू म्हणून निकालात काढतात. हा अन्याय आहे. दख्खनचं, भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी घोडं हे याच जातकुळीचं. कमी चाऱ्यावर राहणारं, दगडाधोंड्यांतून, चढउतारावरून दिवसदिवस चालणारं. मराठ्यांचं घोडदळ अशाच घोड्यांवर फिरलं. २८ फेब्रुवारी १७२८ ला पालखेडला बाजीरावानं निजामाला कोंडीत पकडलं ते तोफांच्या बळावर नव्हे, या घोड्यांच्या चालीवर. (ते पालखेड वैजापूरकडचं. आमच्या दिंडोरीतल्या धरणाचं पालखेड वेगळं, लोक नेहमी गल्लत करतात.) निफाड तालुक्यातलं विंचूर ही तर पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांची जहागीर, १७६१ ला पानिपतावर लढलेल्या सरदारांत ते होते. त्या पागा गेल्या, घोडदळं गेली. नस्ल टिकली ती मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर, ओझं वाहत. अलीकडे भीमथडीला देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून शासकीय मान्यता मिळाली, तेव्हा तिचं श्रेय वाड्यांवरच्या त्या बायाबापड्यांचं आहे हे स्पष्टपणे सांगायला हवं.

पडद्यासाठी घोड्यांनी जी किंमत मोजली तीही लपवता कामा नये. घोडा पडताना दाखवायचा म्हणून त्याच्या पुढच्या पायांना तार बांधायची आणि भरधाव असताना ती ताणून त्याला तोंडावर पाडायचं, अशी रीत हॉलिवूडमध्ये सर्रास होती. १९३६ च्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'मध्ये कित्येक घोडे मेले. १९३९ च्या 'जेसी जेम्स'साठी एका घोड्याला उंच कड्यावरून पाण्यात ढकललं, तो वाचला नाही. त्यावर एवढा संताप उसळला की पुढच्या वर्षापासून अमेरिकन ह्यूमेन संघटनेची माणसं चित्रीकरणावर नजर ठेवू लागली. आपल्याकडं २००१ च्या नियमांनुसार चित्रपटात प्राणी वापरायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. आता पडणारा घोडा शिकवलेला असतो, मऊ भुसभुशीत मातीवर इशाऱ्यानं आडवा होतो. ज्या प्राण्याला मुठीची भाषा इतकी कळते, त्याला तार बांधून पाडलं जात होतं, याची चीड आजही येते.

ट्रिगर १९६५ च्या जुलैमध्ये गेला. रॉयनं त्याला पुरलं नाही, कातडी पेंढा भरल्यासारखी घडवून मागच्या पायांवर उभा असलेला ट्रिगर संग्रहालयात ठेवला. २०१० मध्ये तो लिलावात अडीच लाखांहून जास्त डॉलरला विकला गेला.

आपल्याकडची घोडी अजून रस्त्यावर आहे, जिवंत. नाशिक-संभाजीनगर रस्त्यावर दिवाळीनंतर वाडा समोर आला तर गाडीचा वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका, मागून एकदम जवळ जाऊ नका, कारण तिला थेट मागचं दिसत नाही आणि तिच्या पाठीवर कोकरं असतात, कधी पोरही. वरातीत घोड्याच्या पायांपाशी फटाक्यांची माळ लावू देऊ नका, एप्रिल-मेच्या दुपारी त्याला तापलेल्या डांबरावर उभं ठेवू नका, बादलीभर पाणी आधी त्याला द्या. आणि शेतात मेंढ्या बसल्या असतील तर पोरांना घेऊन सकाळी लवकर जा, बिऱ्हाड लादताना बघायला. धनगरदादाला विचारून जा, तो कौतुकानं घोडीची सगळी वंशावळ सांगेल.